चार एकर विकून इथे आला आणि आता अडीच गुंठे भाड्याने घेतलेत!

पत्र:

ताई, मी इंग्लंडात लेस्टरला राहते. लग्नाला सोळा वर्षं झाली, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ. नवऱ्याने लॉकडाउनमध्ये कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अलॉटमेंटसाठी (भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) नाव देऊन ठेवलं होतं, मला पत्ताच नव्हता. ह्या जानेवारीत प्लॉट मिळाल्याचा ईमेल आला आणि तेव्हापासून घराचं शेत झालंय. फेब्रुवारीत जिन्याखाली अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाटे मांडून ठेवले होते कोंब यायला, आता प्रत्येक खिडकीत टोमॅटोची रोपं आहेत, देवघराच्या खिडकीतसुद्धा, आणि गाडीच्या डिकीत घोड्याची लीद. ईस्टरला कॉर्नवॉलला जायचं ठरलं होतं तर म्हणे गुड फ्रायडेला इथे सगळे बटाटे लावतात. शनिवार गेला, रविवार गेला, मुलांचं स्विमिंग, तबला सगळं माझ्याकडे. बरं आमच्या इथे बेलग्रेव्ह रोडवर मेथीपासून पडवळापर्यंत सगळं मिळतं. हा बार्शीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. सासऱ्यांनी सात एकरातलं चार एकर विकून ह्याला शिकायला इथे पाठवलं आणि हा आता भाडं भरून चिखल उपसतोय. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर सासूबाईंनी विचारलं केवढी जागा, हा म्हणाला अडीच गुंठे, त्या हसून हसून बेजार, एवढ्यात तर आपलं खळं होतं म्हणाल्या. सासरे काहीच बोलले नाहीत, फोन परत दिला. मागच्या वर्षी ह्याची नोकरी गेली होती, पाच महिने घरी होता, आता काँट्रॅक्टवर आहे. ताई, लोक हे का करतात हो? दोन-चार महिन्यांत सुटेल का हा नाद, की मीच परत करायला लावू? तिथून आला की खुशीत असतो, शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांचे किस्से सांगतो. घरी एरवी एवढा बोलत नाही.

– वैतागलेली, लेस्टर

उत्तर:

अगं वैतागलेली, वीसेक वर्षांनी तरी मोठी असेन तुझ्यापेक्षा म्हणून सरळ अगंतुगंवर येते, राग मानू नकोस. तुझं पत्र वाचताना दोनदा मोठ्याने हसले आणि शेवटच्या ओळीला गप्प झाले. त्या ओळीकडे येतेच, पण आधी देवघराच्या खिडकीतले टोमॅटो, कारण तिथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूने आहे. देवासमोर रोपं मांडायची असतील तर विचारून मांडावीत. कॉर्नवॉलचं पण तुझंच बरोबर. गुड फ्रायडेला बटाटे लावायची पद्धत आहे खरी, म्हातारे लोक अजून पाळतात, पण तो दिवस दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, कधी मार्चमध्ये कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, आता बटाट्याला काय कळतंय त्यातलं! आठवडाभर उशिरा लावले असते तरी आलेच असते.

आता तुझा प्रश्न, लोक हे का करतात. मी स्वतः कोव्हेंट्रीला चौदा वर्षं प्लॉट करतेय, त्यामुळे उत्तर येतं असं वाटलं होतं, पण लिहायला बसले तर तीन वेळा खोडलं.

भाजी स्वस्त पडते म्हणून करतात असं कोणी सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नकोस. भाडं तसं फार नसतं, ते कौन्सिलवर आहे, पण त्यावर शेड, फावडं, फोर्क, जाळ्या, बी, खत, पाण्याची पिंपं, हे संपतच नाही. पहिल्या वर्षी मी वहीत हिशोब ठेवला होता, आमच्या घरात सगळ्याचाच हिशोब ठेवायची सवय, तीनशेच्या वर पाउंड गेले आणि हातात आलं काय, तर एक पोतं बटाटे, त्यातले निम्मे स्लगने (बिनशंखाच्या गोगलगायींनी) पोखरलेले, आणि कोर्जेट, काकडीसारखे दिसणारे कोवळे भोपळे. कोर्जेट इतके आले की मी ऑफिसात पिशवी घेऊन शिरले की लोक फोन कानाला लावायचे. दुसऱ्या वर्षी वही ठेवली नाही. नंतर नंतर परवडायला लागतं हे खरं, लसूण, पालक, बेरी ह्यात पैसे वाचतात, पण पैसे वाचवायला म्हणून आलेला माणूस तोपर्यंत टिकत नाही गं, ऑगस्टमध्ये तण कमरेएवढं होतं, मग कौन्सिलचं पत्र येतं की प्लॉट नीट करा नाहीतर सोडा, आणि तो सोडतो.

ताजी भाजी, औषध न मारलेली, मुलांना कळेल जेवण कुठून येतं, हे सगळं लोक सांगतात आणि खोटंही नाही. तुमच्या लेस्टरमध्येच शेफील्ड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी अलॉटमेंटची माती तपासली होती, तर आजूबाजूच्या शेतांपेक्षा तिच्यात कार्बन जास्त निघाला, माती जास्त चांगली निघाली, कारण लोक वर्षानुवर्षं कंपोस्ट ओततात. पण कार्बन वाढवायला म्हणून कोणी जानेवारीत गारठ्यात कुदळ घेऊन जात नाही.

ते अडीच गुंठे माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. नवऱ्याला सांग, आवडेल त्याला: इथे पूर्ण प्लॉट म्हणजे दहा रॉड, हे जुनं माप, साधारण अडीचशे चौरस मीटर. एका एकरात रॉड असतात एकशेसाठ आणि गुंठे चाळीस, म्हणजे चार रॉडचा एक गुंठा आणि दहा रॉडचे बरोब्बर अडीच. त्याने अंदाजे सांगितलं नव्हतं, मोजून सांगितलं होतं, किंवा शेतकऱ्याच्या पोराला बघूनच कळलं असेल.

आणि हे तुकडे मुळात आले कुठून तेही ऐक. पूर्वी इथे गावाची सामाईक जमीन असायची, आपल्या गायरानासारखी, गरीब माणूस तिथे गाय चारायचा, सरपण आणायचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटात कायद्यावर कायदे करून त्या जमिनींना कुंपणं घातली, जमिनी मोठ्या मालकांकडे गेल्या आणि गावची माणसं दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीला लागली. मग त्यांना बटाटे-कोबी लावायला एकेक तुकडा द्यायची कल्पना निघाली. १८३० साली दक्षिण इंग्लंडातल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या, त्यानंतर तर जमीनदारांना आणि पाद्र्यांना असे तुकडे वाटायची भलतीच घाई झाली. पण तुकडा केवढा द्यायचा, तर एवढाच की मजूर स्वतःच्या तुकड्यावर राबून इतका दमू नये की दुसऱ्या दिवशी मालकाच्या कामाला यायचा राहील. काही ठिकाणी तर अटी असायच्या, रविवारी कुदळ चालवायची नाही, चर्चला यायचं. कौन्सिलच्या गळ्यात हे कायद्याने पडलं ते नंतर, १९०८ चा कायदा आहे तो अजून चालतो, आणि १९२२ च्या कायद्यात लिहिलंय की ही जागा मुख्यतः स्वतःच्या आणि घरच्यांच्या खाण्यासाठी भाजी-फळं पिकवायला आहे, धंद्याला नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवायला लागल्या तेव्हा प्लॉट पंधरा लाखांच्या घरात गेले, दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच, लंडनच्या टॉवरच्या खंदकातसुद्धा भाज्या लावल्या होत्या. १९५४ ला रेशनिंग संपलं, लोकांनी कुदळी टाकल्या, जागांवर घरं उठली, आता सव्वातीन लाखांच्या आसपास प्लॉट उरलेत म्हणतात आणि त्यासाठी रांगा, तुझा नवरा लॉकडाउनपासून उभा होता तशा.

एवढं सगळं तुला का सांगतेय, तर हा प्रकार जमीन गेलेल्या माणसांसाठी सुरू झालाय. आणि तुझ्या घरात जमीन गेलेला एक माणूस आहे.

मी काही डॉक्टर नाही, त्याच्या मनात काय आहे ते तूच विचार, मी लांबून बोलतेय. पण चार एकर त्याच्या फीमध्ये गेलं हे तू एका वाक्यात लिहिलंस, आणि मला वाटतं तो ते गेली कित्येक वर्षं रोज कुठेतरी वागवत असणार, नोकरी होती तोवर त्या चार एकराचं उत्तर होतं, पगाराची स्लिप म्हणजे उत्तर. ती गेली आणि पाच महिने तो घरी बसला. शंभर ठिकाणी अर्ज टाकले तर दहा जणांचा नकार येतो, नव्वदांचा तोही येत नाही. घेवड्याचं बी ऊबेला ठेवलं तर दहा-बारा दिवसांत वर येतं किंवा येत नाही, पण कळतं. मी हे थट्टेत लिहीत नाहीये, आमच्या साइटवर नोकरी गेलेली, रिटायर झालेली, बायको गेलेली किती माणसं येतात आणि पहिल्या दिवशी सगळे म्हणतात ताज्या भाजीसाठी आलो.

आणि बार्शीचं शेत आणि हा प्लॉट एकच समजू नकोस. तिथे पाऊस गेला की वर्ष गेलं, पाऊस आला तर भाव नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, त्याने लहानपणी बापाचा चेहरा बघितलाय ना जूनमध्ये आभाळाकडे बघतानाचा. इथे ब्लाइट (करपा) आला आणि आठवडाभरात सगळे टोमॅटो काळे पडले तर माणूस चरफडतो, दोन शिव्या घालतो, आणि घरी येऊन दुकानातले टोमॅटो कापतो. गेलं तर गेलं! शेतकऱ्याच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता पेरलंय गं, त्यात मजा येत असेल त्याला तर नवल काय.

सासरे काही बोलले नाहीत ते त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून, असं मला वाटतं. त्यांना पुन्हा फोन करा, पण ह्या वेळी दाखवायला नको, विचारायला करा. इथली माती चिकण आहे, पाणी साठतं, काय करू? असं काहीतरी खरं विचारायला लाव नवऱ्याला. ज्वारी-तूर केलेल्या माणसाला लीक (कांद्याच्या पातीसारखी इथली भाजी) कळणार नाहीत पण वाफा कसा बांधायचा, पाणी कुठून काढून द्यायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको. बघ बोलतात का. नाही बोलले तर सोडून दे.

माझं म्हणशील तर मी प्लॉट घेतला मुलगी युनिव्हर्सिटीला गेली त्या वर्षी, घरात सहा नंतर काय करायचं कळेना म्हणून. भाजीसाठी घेतला असंच मीही सांगायचे. एप्रिल-मेमध्ये एक वाफा मेथी टाकली होती, डब्यातलीच मेथी, मसाल्याची, भिजवून फेकली, आठ दिवसांत हिरवीगार. शेजारच्या प्लॉटवरचे एक इंग्लिश आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि विचारलं हे काय, कसं खायचं, कधी कापायचं. मी तिथे चिखलात उभी राहून अर्धा तास बोलले. घरी येताना लक्षात आलं की ह्या देशात येऊन इतकी वर्षं झाली, मला सगळे सांगत आलेत, फॉर्म कसा भरायचा, रांग कुठे, उच्चार कसा, आणि आज पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं. पुढच्या वर्षी त्यांच्या प्लॉटवर मेथी होती. त्यांनी ती सॅलडमध्ये घातली, असो. त्यांनी मला लीक शिकवले, रुबार्ब दिला, म्हणजे आंबट देठांची भाजी, त्या रुबार्बचा एक तुकडा मी आमसुलाऐवजी वरणात घालते आणि आमच्याकडे आता कोणाला फरक कळत नाही (पानं मात्र चुकूनही वापरायची नाहीत, विषारी असतात).

तुमच्या लेस्टरला तर अर्ध्या साइटवर गुजराती काका-काकू सापडतील, १९७२ ला युगांडातून हाकलले गेलेले बरेच तिथेच आले. आमच्या इथे पण एक काका आहेत कम्पालाचे, दुकान सोडून आले होते, त्यांचा पॉलिटनल (प्लास्टिकचा लांब बोगद्यासारखा मांडव) बघायला लोक येतात, दुधी, कारली, पापडी सगळं आत. त्यांच्यापुढे एक जमैकन बाई कलालू लावतात, मी जवळ जाऊन बघितलं तर आपला माठ! आम्ही दोघींनी बी बदललं, त्यांचा हिरवा माझ्याकडे, माझा लाल त्यांच्याकडे. आमच्या कोव्हेंट्रीजवळ राइटनला गार्डन ऑरगॅनिक म्हणून संस्था आहे, त्यांनी एक अख्खा प्रकल्पच केला होता, मिडलँड्समध्ये बाहेरून आलेली माणसं अलॉटमेंटवर आपापल्या देशाचं काय काय पिकवतात ते गोळा करायचा. एका साइटवर फिरलं की नकाशा फिरल्यासारखं होतं, आणि गंमत म्हणजे कोणी कोणाला तू मूळचा कुठला विचारत नाही, हे काय लावलंय एवढंच विचारतात, त्यातून बाकीचं आपोआप कळतं.

अजून एक आहे आमच्याकडे, तिशीतली मुलगी, अँब्युलन्सवर काम करते. तिच्या प्लॉटवर दोन ओळी कांदे, एक खुर्ची, बाकी गवत. ती येते, खुर्चीत बसते, तासाभराने जाते. कमिटीतल्या लोकांची कुरकुर असते तिच्यावर, मी म्हणते बसू द्या. २०११ साली नेदरलँड्समध्ये तीस अलॉटमेंटवाल्यांवर एक प्रयोग झाला होता, आधी सगळ्यांना मुद्दाम ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागकाम आणि निम्म्यांना घरात बसून वाचन. ताणाचं हार्मोन दोघांचंही उतरलं पण बागेतल्यांचं जास्त, आणि मूड तर बागेतल्यांचाच परत जाग्यावर आला. प्रयोग छोटा आहे आणि लोक आधीच बागवाले होते, त्यामुळे फार डोक्यावर घेऊ नये, पण तुझा नवरा तिथून येतो तो कसा येतो हे तूच लिहिलंयस.

हं, आता ती शेवटची ओळ. घरी एरवी एवढा बोलत नाही.

लोक का करतात हे तू विचारलंस पण मला वाटतं तुला विचारायचंय की हा तिथे जाऊन हसतो तर घरी का नाही. खरं सांगू का, सगळेच काही मातीच्या ओढीने येत नाहीत, काही घरातून पळायला येतात. आमच्याकडे एक गृहस्थ होते, शेडमध्ये खुर्ची, किटली, रेडिओ, क्रिकेट कॉमेंट्री, हिवाळ्यात उगवायला काही नसतं तेव्हाही रोज हजर. त्यांची बायको दहा वर्षांत एकदाही आली नाही, आम्हाला वाटायचं तिला आवडत नसेल. एकदा उन्हाळ्याच्या जत्रेला आली आणि म्हणाली मला कधी कोणी बोलावलंच नाही. तुझा नवरा पळतोय असं मला वाटत नाही, पळणारा माणूस परत येऊन किस्से सांगत बसत नाही, गप्प बसतो. पण त्याने तुला न विचारता नाव दिलं, न विचारता सुट्टी रद्द केली, न विचारता खिडक्या भरल्या, हे तीन वेळा झालंय आणि तुझा राग त्याचा आहे, बटाट्यांचा नाही. ते त्याला स्पष्ट सांग. प्लॉटवरून चिखल घेऊन दारात उभा असताना नको, जेवण झाल्यावर. नोकरीचा विषय त्याच दिवशी काढू नकोस मात्र.

परत करायला लावू नकोस. तू म्हणालीस तर तो करेलही, आणि मग ते चार एकरांसारखंच अजून एक होऊन बसेल तुमच्या घरात, कोणी काढायचं नाही असं.

त्यापेक्षा वेळ बांधून घे. शनिवारी एकपर्यंत प्लॉट, दुपारनंतर स्विमिंगला तोच नेईल. रविवार घरचा. मे-जूनमध्ये रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, तर आठवड्यात दोन संध्याकाळी जाऊ दे, पाणी घालायचं कामच संध्याकाळचं असतं. अडीच गुंठे एकट्या नोकरीवाल्या माणसाला खूप होतात, कौन्सिलला विचारलं तर बऱ्याच ठिकाणी अर्धा प्लॉट परत घेतात, रांगेतल्या दुसऱ्याला मिळतो. नसेल करायचं तर निम्म्या भागावर पुठ्ठे अंथरा, वर कंपोस्ट, ह्या वर्षी तसंच राहू दे. मी पहिल्या वर्षी सगळं एकदम खणलं आणि बाइंडवीड नावाच्या वेलीसारख्या तणाच्या मुळ्यांचे तुकडे करून करून स्वतःच्या हाताने पसरवले. आपली हरळी परवडली.

आणि एकदा तू जा. शनिवारी सकाळी नको, तेव्हा सगळे कामात असतात आणि तुझ्याही हातात कोणी फावडं देईल. जूनमध्ये एका संध्याकाळी आठला जा, चहाचा थर्मास, चार भजी, मुलीला घेऊन. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला ओढू नकोस, येईल त्याला यायचं तेव्हा. त्या आजोबांना भज्या दे. नंतर आवडलं तर नवऱ्याकडे एक वाफा माग, चार फूट बाय आठ फूट, त्याने हात लावायचा नाही, काय लावायचं तू ठरवणार. नाही आवडलं तर थर्मास घेऊन परत ये, कोणी जबरदस्ती केलेली नाही.

आवडलंच तर म्हणून सांगते. मेथी आत्ता टाक, दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी, ऑगस्टपर्यंत. कोथिंबीर धणे रगडून दोन फाका करून जागेवरच पेर, उपटून दुसरीकडे लावलेली तिला चालत नाही, जूनच्या उन्हात लगेच फुलावर जाते तेव्हा थोड्या सावलीत, आणि ऑगस्टमध्ये पेरलेली सगळ्यात छान टिकते. माठ मेच्या शेवटी, थंडी त्याला सोसत नाही. पांढरा लांब मुळा जुलैनंतर, आधी लावला तर नुसती फुलं येतात आणि तो निबर होतो, मी तीन वर्षं घाई केली. रनर बीन्स कोवळ्या असताना तोडून बारीक चिरल्या की श्रावणघेवड्याची भाजी होते, मोठ्या झाल्या की दोऱ्या चघळायच्या. भेंडी-गवार बाहेर होत नाहीत, नादी लागू नकोस, बेलग्रेव्ह रोड आहे की. आणि नवऱ्याने ब्रॉड बीन्स लावल्या असतील, सगळे लावतात, त्या शेंगेतून काढून मिनिटभर उकळत्या पाण्यात टाक आणि दाण्यावरचं साल काढ. हिरव्यागार डाळिंब्याच दिसतात हातात. वाल नव्हेत ते, कडसरपणा नाही, पण ओलं खोबरं, गूळ, आमसूल घालून उसळ केली तर माझ्या कोकणातल्या जावेने दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. मुलीला एक भोपळ्याचं बी दे कुंडीत लावायला, ऑक्टोबरमध्ये शाळेत मिरवेल आणि घरी घारगे होतील.

सासूबाईंना गावाकडून बी पाठवायला सांगू नकोस, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय इथे आणता येत नाही, उगाच पार्सल अडकेल. इथल्या गुजराती काकांना विचार, त्यांच्याकडे सगळं असतं आणि वर चहा पण मिळतो.

ता.क. ती घोड्याची लीद कुठून आणली विचार. तबेल्यातल्या गवतावर कधीकधी रुंद पानांचं तण मारायचं औषध मारलेलं असतं, ते घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं आणि खतात राहतं, घोड्याला काही होत नाही पण टोमॅटो, बटाटे, घेवड्याची पानं नेच्यासारखी वळून जातात. माझा एक अख्खा उन्हाळा त्यात गेला, मला वाटत होतं रोग आहे. त्याला सांग दोन कुंड्या घे, एकीत ते खत मिसळलेली माती, दुसरीत नुसती, दोन्हीत घेवड्याचं बी टोच आणि तीन आठवडे बघ पानं सरळ येतात का. तोवर टोमॅटो प्लॉटवर लावू नका, तसंही मेच्या शेवटापर्यंत रात्रीचं दव गोठायची भीती असतेच. म्हणजे देवघराच्या खिडकीत ते अजून तीन आठवडे राहणार, तेवढं सहन कर.